भिशी लागलेली बाई

आमची भिशी बारा जणींची आहे. बहुतेक जणी माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका, दोन-तीन शेजारणी आणि एक उद्यमबागेतल्या कारखानदाराची बायको. तिच्याकडे भिशी असली की खायला दोन पदार्थ जास्त मिळतात आणि उपदेशही तेवढाच जास्त मिळतो. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम टाकायची, डब्यातून चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिनं सगळे पैसे घरी न्यायचे. टिळकवाडीत अशा भिश्या गल्लोगल्ली आहेत. नियम असे कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण एक गोष्ट सगळ्या जणी पाळतात. भिशी लागली की त्या पैशांचं काय केलंस, असं कुणी कुणाला विचारत नाही. आठवडाभरात कळतंच, तो भाग निराळा.

थंडीत आम्ही रेल्वे स्टेशनजवळ उघड्यावर झोपणाऱ्यांना ब्लँकेटं वाटायचो. वाटून घरी आलं की छान झोप लागायची. मागच्या थंडीत मी तिथं भाजी घ्यायला गेले, तर भाजीवालीच्या टोपल्यांवर आमचंच तपकिरी चौकड्यांचं ब्लँकेट झाकलेलं. माझं डोकंच फिरलं. भाजीवालीशेजारी एक पन्नाशीची बाई मेथी निवडत बसली होती. बंद पडलेल्या एका लॉजच्या ओसरीवर ती झोपते, हे मला ठाऊक होतं, कारण ब्लँकेट मीच तिच्या हातात दिलं होतं.

"विकलंस होय गं?" मी विचारलं.

"व्हय बाई," ती मेथीवरची नजर न काढता म्हणाली. "तुमी दिलासा, मागनं देवळातल्यांनी दिलं, मागनं आनी कोन कॉलेजची पोरं आलती. एकटीनं किती पांघरू? आनी पावसात ठिवू कुठं?"

मी मेथीची जुडी घेऊन मुकाट्यानं घरी आले. शाळेत असताना मुलांनी असं उत्तर दिलं की मी त्यांना बाकावर उभं करायची. इथं कुणाला उभं करणार?

त्या महिन्याची भिशी माझ्याकडे होती. मी म्हटलं, ब्लँकेटं बंद. आपल्या डब्यात स्टेशनजवळ झोपणाऱ्या एखाद्या बाईच्या नावाची एक जादा चिठ्ठी टाकू. तिनं काही भरायचं नाही, आणि वर्षातून एकदा भिशी तिला लागेल. पैसे हातात द्यायचे आणि बाजूला व्हायचं. आपण एकमेकींना विचारत नाही, तसं तिलाही विचारायचं नाही. कारखानदारीणबाई म्हणाल्या, "रोख पैसे हातात दिले की ही माणसं दारूत घालवतात." मी म्हटलं, "तू मागच्या भिशीचे सोफ्याच्या कव्हरांत घालवलेस. आम्ही काही बोललो?" सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि ठराव पास झाला. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला, हे सांगायला हवं.

पहिली भिशी त्या मेथीवाल्या बाईलाच द्यायची ठरली. आषाढात तिची चिठ्ठी निघाली आणि ती माझ्या घरी आली. सोफ्याच्या कडेला टेकली, पोहे खाल्ले, बशी स्वतः धुऊन ठेवली. हळूहळू तिची हकीगत कळली. माहेर गुंजीजवळच्या खेड्यातलं, लग्न वडगावच्या विणकराशी झालेलं. वीस-बावीस वर्षं तिनं नवऱ्याच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला आणि तिथंच दुसरीबरोबर राहिला. मग वडगावच्या घरमालकानं माग असलेली ती जागा विकली. मूलबाळ नाही. गळ्यात काळी पोत होती, कपाळाला कुंकू होतं. "त्यो हाय न्हवं जिवंत," ती म्हणाली. जणू नवऱ्याचं एवढं एक काम तरी वेळच्या वेळी चाललं होतं.

पैशांचं पाकीट तिनं दोन्ही हातांनी घेतलं. कपाळाला लावलं. आम्ही कुणीच काही विचारलं नाही, पण तिनं आपण होऊन सांगितलं. "वडगावात खोली बघतो. कांड्या भरायचं काम अजून हाय तिकडं. हातपाय हलत्यात तवर माझं मी करून खाईन."

जाताना ती जिन्याखालच्या वॉचमनच्या खोलीपाशी थांबली. कॅमेरे बसवल्यापासून आमच्या इमारतीला वॉचमन नाही. खोली रिकामी, आत एक नळ आणि एक ओटा. "हितं कोन ऱ्हातंय?" तिनं विचारलं. कुणी नाही, म्हटलं. पुढचा विचार माझ्या मनात आला होता. दुसऱ्याच दिवशी मी सोसायटीच्या अध्यक्षांना विचारलंही, भाडं घेऊन तिला द्याल का म्हणून. ते म्हणाले, "मॅडम, वर्गणी सांगा, देतो. खोलीचं नको." अगदी गोड शब्दांत म्हणाले.

वडगावात आणि शहापुरात ती आठ-दहा घरं फिरली. पैसे आहेत म्हटल्यावर मालक आधी उठून उभे राहायचे, खोली दाखवायचे. मग प्रश्न सुरू व्हायचे. घरात कोण कोण? एकटीच? नवरा कुठं असतो? आणि शेवटी सगळीकडे एकच वाक्य. कुणीतरी आपलं माणूस घेऊन या, मग बघू. एकट्या बाईला खोली दिली आणि उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर कुणाला बोलवायचं, असं त्यांचं म्हणणं. मला ते ऐकून संताप आला. ती मात्र शांत होती. "त्येंचंबी खरं हाय बाई. मी गेले तर न्यायला कोन येनार?"

तिचं आपलं माणूस एकच होतं, पाठचा भाऊ. लहानपणी त्याला कडेवर घेऊन ती गुरांमागं फिरायची. नवरा सोडून गेल्यावर एकदा ती माहेरी गेली होती, तेव्हा भावजय तोंडावर काही बोलली नाही, पण जमिनीचा विषय दिवसातून तीनदा निघाला. बहीण परत आली की वाटणी मागणार, ही धास्ती. तेव्हापासून ती गेली नव्हती आणि आपण ओसरीवर झोपतो, हे तिनं कळूही दिलं नव्हतं. आता नागपंचमी आली होती. आमच्या भागात पंचमीला लेकी माहेरी जातात, म्हाताऱ्या झाल्या तरी जातात. तिनं ठरवलं, पंचमीला जायचं आणि भावाला म्हणायचं, एक दिवस माझ्यासंगट वडगावला चल, मालकापुढं उभा ऱ्हा. बस्स. एवढ्यासाठी ती गेली.

पण इतक्या वर्षांनी माहेरी रिकाम्या हातांनी कसं जायचं? तिनं भावजयीला इरकल साडी घेतली, भावाला शर्टाचं कापड, पोरांना खायला कुंदा. थोरल्या भाच्याच्या हातावर पैसे ठेवायचे असतात, म्हणून ते वेगळे बांधले. मला हे आधी कळलं असतं तर मी तिला रागावले असते. आमच्या नियमाप्रमाणे मी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर दोन दिवसांनी ती मला ओसरीसमोर, भाजीवालीशेजारीच भेटली. सगळं तिनं मेथी निवडता निवडता सांगितलं. साडी बघून भावजय हरखली. शेजारपाजारच्या बायकांना बोलावून दाखवली. "आमच्या वन्संचं लई बरं चाललंय," म्हणाली. तंबिटाचे लाडू झाले, पोरींनी झोका बांधला होता, तिलाही बसवलं. भाऊ म्हणाला, "आक्का, तुझी काळजी लागून ऱ्हायलेली बग. आज बरं वाटलं." राहतीस कुठं, असं विचारलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, टिळकवाडीत, बाईंच्या बिल्डिंगीत खालची खोली हाय.

"अगं, मग खोलीचं कधी बोललीस?" मी विचारलं.

"कवा बोलू? भरल्या हातानं गेलते. लई बरं चाललंय म्हनून सगळा गाव बोलाय लागला. त्यात भावाला कसं म्हनू, मला ऱ्हायला जागा न्हाय?"

तरी तिनं मनाशी ठरवलं होतं, रात्री सगळे झोपले की भावाला परसात बोलवायचं आणि सांगायचं. पण रात्र आलीच नाही. दुपारी जेवणाची ताटं उचलली आणि भावजय सुपात तांदूळ घेऊन आली. पाट मांडला. "वन्सं, बसा. ओटी भरते," म्हणाली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी आणि पाच ओंजळी तांदूळ. घरच्या शेतातले, जाडे, तांबूस. वरून भावजय पायाही पडली.

माझ्या वाचकांपैकी कुणाला ठाऊक नसेल तर सांगते. माहेरवाशिणीची ओटी निघताना भरतात. ओटी भरली की तिनं उंबऱ्याबाहेर पडायचं, मागं फिरून बसायचं नाही. तिला कुणी हाकललं नाही. उलट कुंकू लावून, नमस्कार करून, मानानं वाटेला लावलं. गावात कुणी काही म्हणू शकणार नाही, ती स्वतःही म्हणू शकणार नाही. भाऊ गुंजी स्टेशनपर्यंत सोडायला आला आणि गाडी हलली तेव्हा म्हणाला, "दिवाळीला येतो आक्का."

"लई मान केला बाई," ती मला म्हणाली. मी तिथं भाजीच्या टोपल्यांमध्ये उभ्या उभ्या रडले. भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली.

ओटीचे तांदूळ तिनं एका फडक्यात बांधून उशाला ठेवले होते. म्हटलं, माझ्याकडे चल, शिजवून देते. तिनं मान हलवली. ओटीचे तांदूळ दुसऱ्याला द्यायचे नाहीत, विकायचे नाहीत, आपल्याच चुलीवर शिजवून खायचे, असं तिच्या आईनं सांगितलेलं. चूल झाली की शिजवीन, म्हणाली. पैसे बरेचसे संपले होते. उरले होते त्यांतून पुढं तिचा दवाखाना झाला.

भिशीत व्हायचं तेच झालं. कारखानदारीणबाईंना कुठूनसं कळलं. "दारू नाही, तर साड्या," त्या म्हणाल्या. मी कडाडून भांडले. तिनं पैसे वाया घालवले नाहीत, एक दिवस बहीण म्हणून घरात बसण्यासाठी दिले, तुमच्यापैकी कुणी याहून शहाणा खर्च केला असेल तर सांगा, म्हटलं. त्या दिवशी चकली कुणी खाल्ली नाही.

दिवाळीच्या आधी माझ्या फोनवर एक अनोळखी नंबर आला. "आक्का हाय का? मी तिचा भाऊ. भाऊबीजेला येतोय म्हनून सांगा." तिनं माझा नंबर देऊन ठेवला होता. मी क्षणभर चिडले, न विचारता आपलं नाव कुणी वापरलं की चिडते तशी. मग चप्पल घालून थेट स्टेशनकडे गेले.

निरोप ऐकून तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाई, एक दिस ती खोली मिळंल?"

"मिळवते. पण एका अटीवर. त्याला खरं सांगायचं. वडगावला चल म्हणायचं."

"सांगतो," ती म्हणाली.

अध्यक्षांनी एका दिवसासाठी किल्ली दिली. दिवे लागायच्या आत खोली मोकळी करायची, असं दोनदा बजावलं. सकाळी आम्ही दोघींनी ती धुतली. माझ्याकडची चटई, गॅसची लहान शेगडी, पातेली, ताटं खाली नेली. मी तांदळाचा डबाही नेला होता. तिनं तो बाजूला ठेवला आणि फडक्याची गाठ सोडली. तांदळात किडे झाले होते. ते तिनं उन्हात बसून एकेक वेचले. "आज हाय की चूल," म्हणाली. त्या दिवशी सकाळी मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

भाऊ दुपारच्या आत आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पिशवीत नारळ आणि घरचे पोहे. शर्ट तिनं दिलेल्या कापडाचा होता. मला बघून त्यानं हात जोडले. मी वर जायला निघाले, पण तिनं डोळ्यांनी थांब म्हटलं, म्हणून दाराशी बसून राहिले. तिनं त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, मग ताट वाढलं. भात, आमटी, वांग्याची भाजी.

त्यानं पहिला घास घेतला आणि थांबला.

"आक्का, ह्यो आपल्या शेतातला भात."

"व्हय."

"पंचमीचा?"

ती आमटी वाढत राहिली.

"अजून शिजीवला न्हाईस?"

"तुज्यासाठी ठिवलता," ती म्हणाली.

त्यानं पाण्याचा तांब्या उचलला. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. त्या तांब्यावर माझ्या सासूबाईंचं नाव होतं, ताटावरही तेच. त्यानं ते वाचलं. मग चटईकडे, कोऱ्या भिंतींकडे, एकाही खुंटीवर एकही लुगडं नसलेल्या त्या खोलीकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. आता हा विचारणार, असं मला वाटलं, आणि ती सांगणार. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते.

त्यानं ताटातला भात शितासकट संपवला. हात धुतले. खिशातले सगळे पैसे काढले, गाडीच्या तिकिटापुरते परत खिशात ठेवले आणि बाकीचे तबकात टाकले. ओवाळणीच्या मानानं ते फार होते. "येतो आक्का," म्हणाला. तिच्या पाया पडला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला बरं वाटलं असतं.

तो गेल्यावर ती भांडी घासायला बसली.

"कळलं त्याला," मी म्हटलं.

"व्हय, कळलं."

"मग बोलला का नाही?"

"बोलला असता तर न्यावं लागलं असतं, बाई."

"आणि तू का नाही बोललीस?"

तिनं ताट पालथं घातलं. "त्येनं भात वळखला, तवाच माझं सांगून झालं."

खोली झाडून, ओटा पुसून तिनं किल्ली माझ्या हातात दिली. दिवे लागायला अजून वेळ होता. तबकातले पैसे तिनं पदराला बांधले. म्हणाली, "तुमीबी पैसे दिलासा, त्येनंबी दिलं." तक्रार नव्हती त्यात. पण ते मला लागलं, कारण पैसे देऊन बाजूला व्हायचं, हा नियम माझा होता.

दोन दिवसांनी मी तिला म्हटलं, चल, खोली बघायला मी येते. रिक्षा करून वडगावला गेलो. घरमालक म्हातारे, सज्जन दिसले. आत माग चालू होता, त्याच्या आवाजात त्यांना दोनदा सांगावं लागलं. खोली चांगली होती. मागच्या बाजूला दार, दारात तुळस. भाडं तिच्या आवाक्यातलं होतं. ती ओट्यावरून हात फिरवत होती.

"तुमी कोन यांच्या?" त्यांनी मला विचारलं.

"बहीण समजा," मी म्हटलं. निवृत्त मुख्याध्यापिका आहे, टिळकवाडीत स्वतःचा फ्लॅट आहे, हेही सांगितलं. विश्वास बसावा म्हणून.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. टोमणा मारायचा त्यांचा हेतू नव्हता, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "मग तुमच्याकडंच का ठिवून घेत न्हाईसा? जागा न्हाय व्हय?"

माझा मुलगा पुण्याला असतो. त्याच्या खोलीत त्याचा पलंग आहे, दोन सुटकेसा आहेत आणि शाळेतली बक्षिसं आहेत. महिन्यातून एकदा मी ती झाडायला उघडते आणि परत बंद करते. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं आणि मी दारातल्या तुळशीकडे बघत राहिले. म्हातारे थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, भावाला घेऊन या, मग बघू.

परतताना रिक्षात आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. ती म्हणाली, "मनाला लावून घिऊ नका, बाई. म्हातारं मानूस हाय." मी बाहेर बघत होते. मला बोलायचं होतं. गोगट्यांच्या चौकापर्यंत बोलायचं होतं, पुलावरही बोलायचं होतं.

रिक्षावाल्यानं मागं न बघता विचारलं, "कुठं सोडू?"

मी बोलायच्या आत तीच म्हणाली, "मला स्टेशनला सोड. बाईंना टिळकवाडीला."